बॅटरीआपाचं सरकारी अंगण

बॅटरीआपाच्या हिशेबात माणसं मोजक्याच प्रकारची असायची. सकाळी सडा टाकून, भाजी निवडून, शेजारणीशी एक भांडण उरकून मोकळी झालेली बाई म्हणजे ‘फुल चार्ज’. दाळ मिलमधून घरी आल्यावर बाजेवर पडून छताकडं बघत राहणारा माणूस, म्हणजे आमचे हे, ‘डिस्चार्ज’. गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त तलाठी कारण नसताना ठिणग्या टाकायचे, म्हणून ते ‘शॉर्ट’. आणि एक प्रकार होता ‘पाणी कमी’. बाहेरून डबा धडधाकट, वर लेबल चकचकीत, पण आतलं पाणी उतरलेलं, त्यामुळं गाडी काही सुरू होत नाही. मी लग्न होऊन नांदेडहून लातूरला आले त्याच आठवड्यात आपानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्या सासूबाईंना निकाल सांगितला, ‘‘पोरगी चांगली हाय. पाणी कमी हाय.’’

मला असा राग आला म्हणून सांगू. मी गोदावरीकाठची. मी मराठी घेऊन बी.ए. केलेलं, वर बी.एड. आमच्या नांदेडला नदी, घाट, रेल्वे, सगळं होतं आणि लातूरला नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्या गावच्या बाईनं मला पाणी कमी म्हणावं? मी सासूबाईंना शुद्ध मराठीत म्हणाले, ‘‘या बाईंना बोलण्याचा पोच नाही.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘पोच नाही, पण अंदाज चांगला आहे.’’

आपाचं खरं नाव मेहरुन्निसा. गल्लीत ते कुणी उच्चारत नसे. तिचे मालक, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, ट्रॅक्टरच्या नि ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान, दुकानाला लागून मोठं मोकळं अंगण, अंगणात बदामाचं झाड आणि झाडाखाली बॅटऱ्यांची रांग. फाटक कधीच नव्हतं. चाचा मुळात कमी बोलणारे, त्यामुळं गिऱ्हाइकांशी बोलायचं खातं आपाकडं. बॅटऱ्यांशी बोलायचं खातंही तिच्याकडंच. ती बॅटरीच्या पाठीवर थाप मारून विचारायची, ‘‘काय बाई, मालकानं लई पिळलं का तुला?’’ विजेबद्दल तिची जी काही समजूत होती ती ऐकून शाळेतल्या आमच्या विज्ञानाच्या बाईंना चक्कर आली असती. करंट रागीट असतो, त्याला सकाळी सकाळी छेडू नये, असं ती गंभीरपणे सांगायची. ॲसिडनं तिच्या प्रत्येक साडीच्या पदराला भोकं पडलेली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘‘डिझाइन हाय. हैद्राबादला असंच घालून राहिल्यात.’’

मी त्या अंगणात पाऊल टाकायची नाही. जमिनीतून करंट येईल अशी माझी भीती. बी.एड.ला मला वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालेलं होतं, पण चप्पल रबराची असली तर करंट लागत नाही हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. रस्ता ओलांडून समोरच्या गटाराच्या कडेनं पदर सावरत मी शाळेत शिकवायला जायची आणि आपा झाडाखालून ओरडायची, ‘‘टीचर, इकडून ये की, बॅटऱ्या बांधून ठेवल्यात.’’

मग भूकंप झाला.

त्या पहाटे मी घरातून काय घेऊन पळाले तर बी.एड.चं सर्टिफिकेट. सासूबाई आतच राहिल्या. त्या आपल्या आपण सुखरूप बाहेर आल्या आणि पुढं जिवंत असेपर्यंत प्रत्येक पाहुण्याला, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, ही गोष्ट सांगत राहिल्या. आमच्या गल्लीत भिंतींना भेगा पडल्या, एवढ्यावर भागलं. किल्लारीकडच्या गावांत काय झालं हे दुपारपर्यंत कळत गेलं, आणि लातूर बोलायचं थांबलं.

चाचांनी दुकानातल्या सगळ्या चांगल्या बॅटऱ्या, बल्ब, वायरी टेंपोत भरल्या आणि तिकडं निघून गेले. तंबूत जखमींवर उपचार चालले होते, तिथं उजेड हवा होता. त्या बॅटऱ्या लोकांच्या होत्या, दुरुस्तीला आलेल्या. आपानं एकाही मालकाला विचारलं नाही. पुढं एकाही मालकानं तिला विचारलं नाही. चाचा परत आले तेव्हा नळाखाली हात धूत बराच वेळ उभे राहिले. आपा ताट वाढून शेजारी बसली.

गल्लीतलं कुणीच घरात झोपायला तयार नव्हतं. सगळी आपाच्या अंगणात. ज्या अंगणाला मी गटाराच्या कडेनं वळसा घालायची, तिथंच माझी सतरंजी. उरल्यासुरल्या जुन्या बॅटऱ्यांवर आपानं बदामाच्या फांदीला बल्ब टांगला. तलाठ्यांनी बल्ब आपल्या बाजेकडं जरा सरकवायला सांगितलं, तर आपा म्हणाली, ‘‘लाईट सगळ्याची हाय तलाठीसाब. तुमची बाज सरकवा.’’ ते सरकले. सातबाऱ्यावर आयुष्य काढलेला माणूस, पण त्या दिवसांत जागा कुणाची हे त्यांनीही विचारलं नाही.

दिवसा मात्र स्वयंपाकाला घरात जावंच लागायचं. सासूबाईंनी मला भाकरी करायला आत पाठवलं, तेव्हा मी ह्यांचं लुनावरचं हेल्मेट घालून स्टोव्हपुढं बसले. काच खाली ओढलेली, कारण छताची माती डोळ्यांत गेली तर. आतून पीठ दिसेना, भाकरी परातीबाहेर थापली जायला लागली. आपा मीठ मागायला आली आणि दारातच थांबली. गेले कित्येक दिवस ती हसलेली नव्हती. ती उंबऱ्यावर बसली, पदर तोंडात कोंबला आणि हसून हसून शेवटी रडायला लागली. मग उठून माझ्या हेल्मेटवर टकटक केली आणि म्हणाली, ‘‘टीचर, तुझ्यात पाणी भरलं बघ आता.’’

त्या दिवसापासून मी तिला आपा म्हणायला लागले.

पुढच्या काळात लातूरचं जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुठून कुठून पोरं शिकायला यायला लागली. ज्याच्या घरात एक खोली रिकामी तो होस्टेलवाला, जिला दोन भाज्या येतात ती मेसवाली. क्लासच्या पाट्यांनी आभाळ झाकलं. नव्हतं काय तर वीज. भारनियमन असं की पोरं पुस्तक उघडायची आणि दिवे जायचे. प्रत्येक पोराकडं एक इमर्जन्सी लॅम्प असायचा, आणि होस्टेलच्या खोल्यांत तो चार्ज करायला प्लग नाहीतर मालकाची परवानगी, दोन्हींतलं काहीतरी नसायचंच. मग पोरं सकाळी क्लासला जाताना आपाच्या अंगणात लॅम्प ठेवून जायची आणि संध्याकाळी घेऊन जायची. बदामाखाली बॅटऱ्यांच्या शेजारी लॅम्पांची रांग लागली.

लॅम्प सगळे सारखे दिसायचे. कुणाचा कुठला हे कळेना. नावाची चिठ्ठी चिकटवली तर सुटून पडायची. आपाच्या नणंदेचं बांगड्यांचं दुकान होतं. आपानं तिथून काचेच्या बांगड्या आणल्या आणि प्रत्येक लॅम्पच्या कडीत एक एक अडकवली. हिरवी अहमदपूरच्या पोराची, लाल मुरुडच्या पोराची, सोनेरी ठिपक्यांची त्या चष्मेवाल्याची. पोरं कुरकुरायची, पण बांगडी काढली तर आपा लॅम्प द्यायची नाही. शिवाय लॅम्प देताना विचारायची, ‘‘आज काय शिकलास?’’ उत्तर काय आलं ते तिला कळायचं नाही, पण पोरगं अडखळलं की ते तिला बरोबर कळायचं.

एका होस्टेलच्या रेक्टरनं पोरांच्या खोल्या तपासल्या आणि त्याला जवळजवळ प्रत्येक खोलीत रात्रीपुरती काढून ठेवलेली बांगडी सापडली. माणूस घाबरला. शिस्तीसाठी नाव काढलेलं त्यांचं होस्टेल. चौकशी करता सगळी पोरं एकच पत्ता सांगायला लागली, तोही एका बाईचा. मग तर तो पारच घाबरला. गल्लीत शिकलेली बाई म्हणून तो थेट माझ्याकडं आला. आणि मी काय करावं? त्याच्यावर लगेच विश्वास ठेवला. बांगड्या नेमक्या कुणाच्या एवढासुद्धा प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या होस्टेलवर जाऊन ‘विद्यार्थिदशा आणि संयम’ या विषयावर मी भाषण केलं. भाषण उत्तम झालं. मी संतवचनं पेरली, मध्ये आवाज कापरा केला. पोरं माना खाली घालून बसली होती आणि त्यांचे खांदे हलत होते. पश्चात्ताप म्हणावा, असं मला वाटलं.

संध्याकाळी आपा तिथं हजर झाली, हातात बांगड्यांचा अख्खा डबा. कुणीतरी तिला सगळं सांगितलेलं होतं. ती सरळ रेक्टरच्या टेबलापाशी गेली. टेबलावर त्याची टॉर्च पडली होती, ती उचलली, डब्यातून जांभळी बांगडी निवडली आणि टॉर्चच्या दोरीत अडकवली. ‘‘आता सायबांची बी वळखू येईल,’’ म्हणाली. ‘‘सकाळी आणून ठेवा, संध्याकाळी घेऊन जा.’’

माझ्या भाषणाचा विषय गल्लीत पुढं कित्येक वर्षं निघत राहिला. कुणी भजं दुसऱ्यांदा मागितलं की आपा म्हणायची, ‘‘टीचर, संयमावर बोल जरा.’’

मग चाचा गेले. इन्व्हर्टर आले, लॅम्प गेले. ट्रॅक्टरवाले थेट नवीन बॅटऱ्या घ्यायला लागले. आपाचा मुलगा नदीम हैदराबादला मोठ्या कंपनीत लागला, तिकडंच संसार मांडला. आमच्या आजूबाजूला होस्टेलांचे मजले चढत गेले आणि त्यांच्या मध्ये आपाचं मोकळं अंगण दात पडलेल्या जागेसारखं दिसायला लागलं. एका क्लासवाल्यानं नदीमला फोन करून त्या जागेचा असा भाव सांगितला की नदीम सुट्टी काढून आला. आपा म्हणाली, ‘‘मी मेल्यावर बघ.’’ नदीम म्हणाला, ‘‘अम्मी, असं बोलू नको.’’ आपा म्हणाली, ‘‘मग विकायचं बी बोलू नको.’’ विषय तिथं थांबला, पण मिटला नाही. आपाची झोप गेली. तिला जागेची हाव नव्हती. उठून समोर बघावं आणि दुसऱ्याची भिंत दिसावी, एवढंच तिला सोसणार नव्हतं.

अशात आमच्या गल्लीत संगीता कांबळे आली. माझीच विद्यार्थिनी. माझ्या तासाला मागच्या बाकावर झोपायची आणि उठवली की म्हणायची, ‘‘बाई, तुमचा आवाज लई गोड हाय.’’ नवरा आजारपणात गेला, पदरात दोन मुली. तिनं बचत गटातून कर्ज काढून विजेवरची रिक्षा घेतली आणि क्लासच्या पोरींना ने-आण करायला लागली. आईबापांना बाई ड्रायव्हर म्हणजे देवच भेटल्यासारखं झालं. पण रिक्षा चार्ज कुठं करायची? भाड्याच्या खोलीत मालक प्लगला हात लावू देईना. रिंग रोडवर एक गॅरेजवाला होता, तो आधी स्वतःच्या रिक्षा लावायचा आणि हिची सगळ्यांत शेवटी. क्लास सुटायच्या वेळी पोरी रस्त्यावर आणि हिची रिक्षा गॅरेजात. पोरी एकेक करून दुसरीकडं जायला लागल्या. रिक्षा परत करून धुणीभांडी धरावी, या विचारापर्यंत संगीता आलेली होती.

एका दुपारी ती मेलेली रिक्षा ढकलत अंगणासमोरून चालली होती. आपानं झाडाखालून बघितलं आणि तिचे डोळे चमकले. कितीतरी दिवसांनी तिच्या दारात कुणीतरी डिस्चार्ज होऊन आलं होतं. तिनं घरातून वायर ओढली आणि रिक्षा लावली. थोड्या वेळात फट्ट असा आवाज झाला आणि आमच्या सगळ्या रांगेची वीज गेली. माझी मालिका चालू होती, त्यातली सून नेमकं सत्य सांगायला तोंड उघडत होती. ते सत्य मला आजतागायत कळलेलं नाही. वायरमन आला. तो म्हणाला, हा घरगुती जोड आहे, यावर रिक्षा लावायच्या असतील तर वेगळा मीटर, वेगळी केबल, सगळंच वेगळं. खर्च ऐकून मी खाली बसले. आपा म्हणाली, ‘‘मग लोक काय करून राहिलेत?’’ वायरमन म्हणाला, सार्वजनिक चार्जिंग केंद्र काढणाऱ्याला सरकार अनुदान देतंय, ऑफिसात जाऊन विचारा.

अर्ज लिहायला अर्थातच मी. मी त्याला ‘विद्युत्प्रभारण केंद्राच्या स्थापनार्थ नम्र विज्ञापना’ असा मथळा दिला. खिडकीवरच्या माणसानं तो वाचला, आम्हा दोन म्हाताऱ्यांकडं बघितलं आणि म्हणाला, ‘‘आजी, निराधार योजनेची खिडकी पलीकडं आहे.’’

‘‘निराधार तू असशील,’’ आपा म्हणाली. ‘‘मला गाड्या चार्ज करायच्यात.’’

त्यानं अटींचा कागद दिला. तिथल्याच बाकड्यावर बसून मी आपाला तो वाचून दाखवला, वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. सरकारी पैसा घेतला की ठरावीक वर्षं जागा विकता येणार नाही. तिथं दुसरं काही बांधता येणार नाही. केंद्र बंद ठेवता येणार नाही. जात, धर्म, ओळख, काहीही न बघता येईल त्या प्रत्येकाला सेवा द्यावी लागेल, नाही म्हणता येणार नाही. मला वाटलं, संपलं. एवढ्या बेड्या कोण घालून घेईल?

आपा म्हणाली, ‘‘पुन्हा वाच.’’

मी पुन्हा वाचलं. ‘‘ते विकायचं न्हाई, ते पुन्हा वाच,’’ म्हणाली. मी वाचलं. कुणी आवडतं गाणं ऐकावं तशी ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, बाईला ऊन लागलं. उसाचा रस पाजून तिला घरी आणलं.

नदीमला कळलं तसा तो पुन्हा आला. आईला रिक्षांची हौस आहे असं त्याला वाटलं. मुलगा वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो म्हणाला, ‘‘अम्मी, सरकारचे पैसे कशाला? केबल, मीटर, मशीन, मी सगळं घालून देतो. तू पाहिजे तेवढ्या रिक्षा लाव. फक्त अनुदान घेऊ नको, जागा अडकते.’’ मला हे इतकं पटलं की मी मान डोलवायला लागले. मुलगा स्वतःहून देतोय, ऑफिसचे खेटे वाचतील, अजून काय पाहिजे?

आपा चहा गाळत होती. ‘‘तुझ्या पैशानं बांधलं तर उद्या तूच पाडशील,’’ ती म्हणाली. ‘‘मी असेपर्यंत न्हाई पाडायचास, पर पाडशील. सरकारच्या पैशाला हात लावायला तुला बी भ्याव वाटंल. मला पैसा नको बेटा. मला ती अट पाहिजे.’’

माझी मान मात्र अजून डोलतच होती, ती थांबवता येईना. बेड्या तिला दिसल्या होत्याच, त्या ती मुलाला घालत होती. एवढं माझ्या बी.ए. बी.एड. डोक्यात शिरायला रसाच्या दुकानापासून इथपर्यंतचा वेळ लागला.

शेवटी तडजोड झाली. दिवाळीपर्यंत सरकारनं मंजुरी दिली तर केंद्र. नाही दिली तर जागा क्लासवाल्याची, आणि आपा हैदराबादला. संगीता तेव्हा तिथंच ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, ‘‘आपा, मंग मी बी दिवाळीपर्यंत थांबू का रिक्षा परत द्यायची?’’ आपा म्हणाली, ‘‘थांब.’’

थांबणं हा काही आपाचा गुण नव्हे. ती ऑफिसात इतक्यांदा गेली की शिपाई तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवायला लागला. ती कुणाशी भांडली नाही, लाच तर दूरच. प्रत्येक टेबलावर जाऊन त्या माणसाकडं टक लावून बघायची आणि माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणायची, ‘‘डिस्चार्ज.’’ नाहीतर ‘‘पाणी कमी.’’ तोवर ऑफिसात या शब्दांचा अर्थ पसरलेला होता. एका साहेबाला तिनं ‘फुल चार्ज’ म्हटलं, तर तो इतका खुलला की त्याच दिवशी फाइल पुढं सरकली.

मंजुरी आली, पण तात्पुरती. उद्घाटन व्हायचं, त्या दिवशी वरचा अधिकारी स्वतः येऊन पाहणी करणार, त्याचा अहवाल गेला की मग पक्की. बदामाखाली मशीन उभी राहिली, वायरी आल्या, पाटी लागली. आणि सगळ्यावर कापड. कारण आमच्याकडं नेत्याचा हात लागल्याशिवाय सरकारी नळाला पाणी येत नाही, तर विजेची काय कथा. मशीन तपासून तयार, आणि रिक्षावाले त्या कापडाकडं बघत रोज पुढं रिंग रोडला जायचे. नेत्याची तारीख मिळता मिळता दिवाळी तोंडावर आली.

उद्घाटनाच्या सकाळी मांडव, खुर्च्या, नारळ, लाल फीत. नदीमही हैदराबादहून आलेला. अधिकारी वेळेवर आला, तरुण मुलगा, इस्त्रीचा शर्ट. नेता काही येईना. ऊन चढलं. मांडवातल्या खुर्च्या सावलीबरोबर सरकायला लागल्या. आणि तेवढ्यात संगीता आली, रिक्षा ढकलत, मागून तीन पोरी ढकलायला. पोरींची क्लासला परीक्षा होती आणि रिक्षा अंगणासमोरच मेली.

संगीता फितीजवळ थांबली. फीत कापल्याशिवाय आत कसं यायचं? कार्यकर्ते म्हणाले, साहेब निघालेत, पाचच मिनिटं. साहेब सकाळपासून पाचच मिनिटांवर होते. आपानं पोरींकडं बघितलं. मला म्हणाली, ‘‘टीचर, तुझ्या ह्यांना उठव.’’ आमच्या ह्यांची जुनी लुना जाऊन आता स्कूटर आली होती. आयुष्यभर डिस्चार्ज म्हणवून घेतलेला माझा नवरा मागे दोन पोरी घेऊन जो सुटला, तो परत येऊन तिसरीला घेऊन गेला. मग आपा उठली, फितीची गाठ सोडली, फीत संगीताच्या रिक्षाच्या हँडलला बांधून टाकली, मशीनवरचं कापड काढलं आणि स्वतःच्या हातानं वायर लावली. मशीनवर हिरवा दिवा लागला. मागोमाग रस्त्यावर थांबलेले आणखी रिक्षावाले आत आले. आपानं सगळ्यांना चहा सांगितला.

नेते आले तेव्हा अंगण भरलेलं होतं. त्यांनी कात्री हातात घेतली आणि इकडंतिकडं बघितलं. मी लाजेनं कोपऱ्यात. संगीतानं हँडल पुढं केलं. माणूस दिलदार, ते हसले, रिक्षाच्या हँडलवरची फीत कापली, फोटो निघाला.

अधिकारी मात्र हसला नाही. तो म्हणाला, ‘‘उद्घाटनाच्या आधी केंद्र चालू केलं गेलं. हे नियमात बसत नाही. मला अहवालात लिहावं लागेल.’’

नदीमनं खाली बघितलं. संगीता रिक्षाच्या टपाला धरून उभी. मला एकदम समोर भिंत दिसायला लागली, चार मजली, खाली क्लासची पाटी.

आपा त्याच्यापुढं गेली. तिचा आवाज चढला नाही. ‘‘साहेब, तुमच्याच कागदात लिहिलंय,’’ ती म्हणाली, ‘‘येईल त्याला न्हाई म्हणायचं न्हाई. ही आली. मी न्हाई म्हणले न्हाई. ते लिवा.’’

अधिकाऱ्यानं तिच्याकडं बघितलं. मग रिक्षांच्या रांगेकडं, मग हिरव्या दिव्याकडं. कागद काढला आणि मान खाली घालून लिहायला लागला. माझी मान त्याच्या खांद्यावरून जेवढी जाईल तेवढी मी घातली. त्यानं लिहिलं होतं, केंद्राचा सार्वजनिक वापर सुरू असल्याचं प्रत्यक्ष पाहिलं. सही करून त्यानं मान वर केली आणि विचारलं, ‘‘चहा बिनसाखरेचा मिळेल का?’’

दिवाळीच्या आत पक्कं पत्र आलं. संगीताची रिक्षा अजून धावते, आता थोरल्या मुलीला शिकवते आहे चालवायला.

आपा गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. ती गेली त्याच्या थोडं आधीचं सांगते आणि थांबते. नदीमनं विजेवरची मोटार घेतली होती. एरवी त्याचं येणं म्हणजे वाऱ्यासारखं. सकाळी आला की दुपारी हैदराबादच्या रस्त्याला, चहा अर्धा टाकून. त्या रविवारी तो आला तेव्हा गाडीचा श्वास शेवटचा होता. निलंग्यापासून त्यानं एसी बंद केलेला, घामानं निथळलेला. अंगणात आत शिरला तर पुढं दोन रिक्षा. त्यानं हॉर्न वाजवला. आपा खुर्चीवरून उठली नाही.

‘‘अम्मी, मी आहे.’’

‘‘दिसतंय की. नंबर लाव.’’

‘‘घर आपलंच आहे ना?’’

‘‘घर तुझं हाय. आत जा, हातपाय धू. हे सरकारचं हाय.’’

मी दहीवड्यांची वाटी घेऊन गेले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नदीमची गाडी मशीनला लावलेली होती. तो आत जेवून दाराजवळच्या खाटेवर आडवा झाला होता आणि तोंड उघडं टाकून झोपला होता, लहानपणी झोपायचा तसा, एक पाय खाली लोंबकळत. आपा दारात बसून त्याच्यावरच्या माश्या पदरानं हाकत होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं, मग मशीनकडं बोट दाखवून हळूच म्हणाली, ‘‘लई हळू चढती बघ चार्जिंग. सरकारनं मशीन चांगली दिली.’’